लॅपटॉप मुलीचा, नाव लखनचं

११ जानेवारी, रविवार

गौरांग जेवायला आला होता. गौरांग म्हणजे गोदावरीचा धाकटा भाऊ. आयटीत आहे आणि ते कुणाला विसरू देत नाही. भरीत-भाकरी चापून झाल्यावर म्हणाला, भाऊजी, मृण्मयीच्या लॅपटॉपची वॉरंटी वाढवून घ्या, कंपनीकडूनच घ्या, बाहेरून कुठून घेऊ नका.

कितीला, विचारलं. त्याने आकडा सांगितला. मी पाणी प्यायलो.

लॅपटॉप घेऊन अजून वर्ष झालेलं नाही. वर्षाची वॉरंटी त्यासोबत फुकट मिळालेलीच आहे. पुढच्या तीन वर्षांसाठी एवढे पैसे? मी आख्खी नोकरी बँकेत काढली, व्हीआरएस घेतली तीही योग्य वेळी. मला कुणी फसवू शकत नाही, कंपनी तर नाहीच.

निश्चय: वॉरंटी घ्यायची, पण डोकं लावून.

१३ जानेवारी, मंगळवार

डोकं लावलं. इंटरनेटवर चहा होईस्तोवर शोध घेतला आणि सापडलं. 'अक्षय कवच' नावाचं दुकान. हीच वॉरंटी, याच कंपनीची, निम्म्याहून कमी दरात. अधिकृत विक्रेता नाही असं खाली बारीक अक्षरात प्रामाणिकपणे लिहिलंय. आजच्या काळात एवढा प्रामाणिकपणा कोण दाखवतो?

व्हॉट्सॲपवर बोलणं झालं. मालक स्वराजभाई. डीपीला दोन हात एकमेकांशी शेकहँड करताहेत. त्यातला एक त्याचा असावा. विचारलं, इतकं स्वस्त कसं परवडतं? म्हणाला, सरजी, बल्क में लेते हैं. पटलं. मार्केट यार्डात कांदा गोणीने घेतला तर स्वस्त पडतो, तसंच.

गौरांगला हे कधीच सुचलं नसतं. आयटीतली माणसं फार सरळ रेषेत विचार करतात.

१५ जानेवारी, गुरुवार

पैसे पाठवले. लॅपटॉपचं बिल, खालच्या बाजूचा नंबर आणि माझं आधार कार्ड, एवढंच पाठवायचं होतं. मृण्मयी आंघोळीला गेल्यावर तिचा लॅपटॉप उलटा करून फोटो काढला. तेवढ्यात ती बाहेर आली. धूळ पुसतोय म्हणालो. म्हणाली, बाबा, खालून?

तिला सांगितलेलं नाही. सरप्राइज आहे. पोरगी डिझाइनच्या मास्टर्ससाठी पोर्टफोलिओ करतेय, अहमदाबादच्या कॉलेजला पाठवायचाय. दिवसभर त्या स्क्रीनसमोर असते. बापाने पाठीमागून केवढी ढाल धरलीय, हे तिला योग्य वेळी कळेल.

१८ जानेवारी, रविवार

झालं! कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर लॅपटॉपचा नंबर टाकला आणि लिहून आलं: वॉरंटी २०२९ पर्यंत. दोनदा टाकून पाहिला. दोन्ही वेळा २०२९.

स्क्रीनशॉट गौरांगला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. सभ्य माणसाने जिंकल्यावर बोलू नये.

त्याचा नुसता अंगठा आला. अंगठ्यात हार स्पष्ट दिसते.

गोदावरीला दाखवला. ती शाळेच्या वह्या तपासत होती. म्हणाली, छान. मग म्हणाली, आणि हे बंद पडल्यावर जायचं कुणाकडे? मी म्हटलं, कंपनीकडे! तिने वहीत लाल रेघ मारली. ती वहीत होती, माझ्या बोलण्यावर नव्हे.

२१ जानेवारी, बुधवार

बातमी सोसायटीत पसरली. मी फक्त लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि योगवर्गात बोललो होतो.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे कारभारी आले. मूळचे सटाण्याचे, कांद्याचा व्यापार, इंदिरानगरात फ्लॅट घेतला मुलीच्या कॉलेजसाठी. मुलगी निकिता इंजिनिअरिंगला. म्हणाले, "गायधनी साहेब, ते लॅपटॉपचं तुम्ही काय केलंय, ते आमच्या निकिताचंबी करून टाका. मला त्यातलं काय कळत नाय. तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असंल."

असा विश्वास विकत मिळत नाही. मी त्यांना ग्राहकहक्कांविषयी थोडं समजावलं. निघताना म्हणाले, लय बोलता राव तुम्ही. कौतुक पोचलं.

त्यांचंही काम स्वराजभाईकडे दिलं. योगवर्गातले आणखी दोघंतिघं विचारताहेत. ग्रुप काढला: 'जागृत ग्राहक, इंदिरानगर'. ॲडमिन मी.

२५ जानेवारी, रविवार

एक किरकोळ बाब. वेबसाइटवर आज सहज २०२९ बघायला गेलो (रोज एकदा बघतो, बरं वाटतं), तर खाली मालकाच्या नावापुढे 'लखन, देवळाली कॅम्प' असं आहे. मृण्मयी गायधनी नाही.

स्वराजभाईला विचारलं. म्हणाला, सरजी, वो बॅकएंड का नाम होता है, टेन्शन मत लो.

घेतलं नाही. आमचे आजोबा गंगेवर, म्हणजे इथल्याच नदीच्या घाटावर, यजमानांसाठी संकल्प सोडायचे. यजमान कधी बडोद्याला, कधी ग्वाल्हेरला. नाव कुणाचं, हात कुणाचा, पुण्य बरोबर पत्त्यावर पोचायचं. आमच्या घराण्याला ही सिस्टीम जुनीच आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी मृण्मयीच्या खोलीतून "अरे देवा" ऐकू आलं. लॅपटॉपच्या स्क्रीनवर हिरव्या रेघा, मग अर्धी स्क्रीन काळी, मग सगळीच. तिचा चेहराही तसाच टप्प्याटप्प्याने गेला. पोर्टफोलिओ पाठवायची शेवटची तारीख पुढच्या सोमवारी.

खरं लिहायचं तर क्षणभर मला आनंद झाला. इतके दिवस ढाल धरून उभा होतो, बाण एकदाचा आला.

खुर्चीत नीट बसलो आणि तिला सगळं सांगितलं. २०२९ सुद्धा. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, खरंच? आणि एकदम गळ्यात पडली. म्हणाली, बाबा, तुम्ही ग्रेट आहात.

हे शब्द ती सहावीत असताना शेवटचे ऐकले होते. गोदावरीही स्वयंपाकघरातून ऐकत होती, याची खात्री करून घेतली.

४ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. बराच वेळ बासरी ऐकली. मग एक मुलगा आला. लॅपटॉपचा नंबर घेतला आणि म्हणाला, मी लखनजींशी बोलतोय का?

इथे दोन रस्ते होते. एक लांबचा, सगळं समजावून सांगण्याचा. दुसरा, हो म्हणण्याचा. मुलीचं काम अडलेलं. हो म्हणालो. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत, संकल्पच आहे.

मग त्याने जन्मतारीख विचारली. लखन किती वर्षांचा असेल याचा विचार आधी करायला हवा होता. अंदाजाने सांगितली. सर, ही जुळत नाही. मी म्हटलं, आमच्या वेळी शाळेत घालताना गुरुजी तारीख अंदाजेच लावायचे. तो म्हणाला, सर, रेकॉर्डप्रमाणे तुम्ही बरेच तरुण आहात. मी म्हटलं, आवाजावरून वाटत नाही का?

सर्व्हिस सेंटरला जायला सांगितलं. एकूण संभाषण सकारात्मक.

स्वराजभाईला चार शब्द सुनवावेत म्हणून मेसेज केला. एकच टिक. डीपीवरचा शेकहँड गेलाय. दोन्ही हात.

प्रवासात असेल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कॉलेज रोडला सर्व्हिस सेंटर. मृण्मयी येते म्हणत होती. मी म्हटलं, तू बस निवांत, हे माझं क्षेत्र आहे.

काउंटरवर तेजस्विनी नावाची मुलगी. निकिताएवढी असेल फार तर. नंबर टाकून म्हणाली, लखन आपणच का? मी आता या भूमिकेत थोडा रुळलो होतो. हो म्हणालो. तिने आयडी मागितला. आधार कार्ड दिलं. तिने आधार बघितलं, मला बघितलं, परत आधार बघितलं. दिवाकर गायधनी.

लखन हे घरातलं नाव आहे, म्हणालो.

मग तिने बिल मागितलं. बिलावर मृण्मयी.

तीन नावं आणि एक लॅपटॉप. ती मुलगी बिलकुल चिडली नाही, हेच जास्त लागलं. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, काका, हा लॅपटॉप तुम्हाला कुणी विकलाय का? म्हणजे तिला तो चोरीचा वाटत होता. माझ्यासारख्या माणसाला! मी मग सगळं खरं सांगितलं. थोडं संक्षेपात.

तिचं म्हणणं असं. ही वॉरंटी मोठ्या संस्थांसाठी घाऊकात दिलेली. ती फोडून असे लोक बाहेर विकतात आणि कागद कुणाचेही जोडतात. त्यामुळे कंपनीच्या लेखी लॅपटॉप आता लखनचा. लखनने स्वतः येऊन तो माझा नाही असं लिहून दिल्याशिवाय दुरुस्तही होणार नाही आणि परतही मिळणार नाही. तिने समोरच लखनला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, असले फ्रॉड कॉल करत जाऊ नका, आणि ठेवला.

शेवटी तिने आणखी एक सांगितलं, जे सांगायची गरज नव्हती. मुळातली एक वर्षाची वॉरंटी अजून चालूच होती. नाव बदललं नसतं तर स्क्रीन आजच्या आज, फुकट बदलून मिळाली असती.

हे घरी सांगितलं नाही. विषयाला फाटे फुटले असते. प्रोसेस सुरू आहे, एवढं सांगितलं. मृण्मयीने विचारलं, सोमवारपर्यंत होईल ना? मी म्हटलं, शंभर टक्के.

७ फेब्रुवारी, शनिवार

मृण्मयीने परस्पर सर्व्हिस सेंटरला फोन केला.

बाल्कनीत पेपर वाचत होतो. समोर येऊन उभी राहिली. "बाबा, लखनकाका कोण?"

मी प्रोसेसबद्दल बोलायला लागलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या लॅपटॉपचं काहीही करायच्या आधी मला एकदा विचारता आलं नसतं का?"

म्हटलं, सरप्राइज द्यायचं होतं.

"मिळालं," म्हणाली. आत गेली आणि दार लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. अगदी सावकाश लावलं.

दुपारी गौरांग आपला जुना लॅपटॉप घेऊन आला. तिच्या सगळ्या फाइल्स इंटरनेटवरही ठेवलेल्या असतात म्हणे, त्यातून काम परत उभं करता येईल, पण शेवटच्या आठवड्यातलं बरंचसं पुन्हा करावं लागेल. चहा नको म्हणाला. निघताना खांद्यावर हात ठेवून गेला. वयाने मी त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा आहे, खांद्यावर हात ठेवायचाच तर मी ठेवायचा असतो.

जेवताना गोदावरीने विचारलं, लखनभाऊजी, आमटी वाढू?

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच कारभारी दारात. निकिताने आपल्या लॅपटॉपचा नंबर वेबसाइटवर टाकून बघितला म्हणे. मी म्हटलं, मग, २०२९ ना? म्हणाले, "२०२९ हाय. पन मालक म्हणून तुमचं नाव हाय. दिवाकर गायधनी."

आत या म्हणालो. बसले. चहा घेईपर्यंत दोघांच्याही लक्षात आलं. स्वराजभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या आधीच्या गिऱ्हाइकाचे कागद जोडतो. माझ्या आधी लखन, माझ्यानंतर कारभारी.

कारभारी बशीत फुंकर मारत म्हणाले, "म्हंजे परस्पर सातबारा फिरवला म्हणा की."

मला वाटलं आता आवाज चढेल. आमच्या जिन्यात आवाज फार घुमतो. पण ते हसायलाच लागले. म्हणाले, साहेब, कांद्यात मी काय कमी वेळा बुडालोय का? चला, तुमच्या त्या लखनला शोधू. सोमवारी पोरीचं काम हाय ना?

मी म्हटलं, मी तुमच्यावर ही वेळ आणली. ते म्हणाले, तुम्ही नाय आणली, मी तुमच्याकडं चालत आलो व्हतो. त्यांना ग्राहकहक्कांची जाणीव चांगली आहे.

त्यांच्या पिकअपने देवळाली कॅम्पला गेलो. मागे रिकाम्या गोण्या, पुढे आम्ही. कॅम्पात लखन नावाची माणसं बरीच निघाली. पहिला अंडीवाला. लॅपटॉपचं नाव काढताच त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. दुसरा फौजेतून रिटायर झालेला, त्याने आमचीच उलटतपासणी घेतली आणि मग चहा पाजला. तिसऱ्याकडे अंडीवाल्यानेच, शटरच्या खालून, बोट दाखवलं.

लखन टेलर. जवानांच्या वर्दीवर बिल्ले आणि नावपट्ट्या शिवतो. भरतकामाच्या मशीनसाठी लॅपटॉप ठेवलाय. आम्ही विषय काढताच म्हणाला, आमच्यासोबत फ्रॉड होऊच शकत नाय. कारण तो पूर्ण चौकशी करून घेतो, कंपनी लोकांना लुटते, डोकं लावलं की निम्म्यात काम होतं, आणि हे आपल्या मेहुण्याला कळत नाही. मशीन बंद करून बराच वेळ बोलत होता. भिंतीवर २०२८ चा स्क्रीनशॉट लॅमिनेट करून लावलाय.

माणूस चांगला आहे, पण स्वतःला फार शहाणा समजतो. अशा लोकांना समजावणं कठीण जातं. कारभारी माझ्याकडे बघून मिशीत हसत होते. का, कळलं नाही.

शेवटी मी म्हटलं, तुमचा नंबर आत्ता टाकून बघा, मालक कोण दिसतो. त्याने टाकला. जळगावच्या कुणी भागीबाई. त्याने पुन्हा टाकला. पुन्हा भागीबाई. मग तो स्टुलावर चढला, लॅमिनेट केलेला कागद उतरवला आणि कुठे ठेवावा ते न सुचून हातातच धरून बसला.

त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी त्याला म्हटलं, होतं असं. नावं ठेवायला माणसं टपलेली असतात, आपण खचायचं नाही. तो म्हणाला, भाऊ, मी मेहुण्याला पण घेऊन दिलीय.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

९ फेब्रुवारी, सोमवार

लखन दुकान बंद ठेवून कॉलेज रोडला आला. तेजस्विनीसमोर लिहून दिलं की हा लॅपटॉप माझा नाही, कधी नव्हता. मीही लिहून दिलं की निकिताचा लॅपटॉप माझा नाही. तेजस्विनीने विचारलं, आणखी कुणाचा तुमच्या नावावर नाही ना, काका? योगवर्गातल्या दोघातिघांचे पैसे जायचे राहिले होते, हे नशीब. म्हणजे मीच त्यांना थांबवून धरलं होतं, असं म्हणता येईल.

२०२९ रद्द. मूळ वॉरंटी पुन्हा मृण्मयीच्या नावावर होईल, पण वरच्या ऑफिसातून तपासणी होऊन. वेळ लागेल.

घरी आलो तर मृण्मयी अजून गौरांगच्या लॅपटॉपवर होती. डोळे लाल. जेवली नव्हती. मी ताट नेऊन ठेवलं. तिने मान वर केली नाही. एका पानावर नदीकाठच्या पायऱ्या काढलेल्या होत्या, गंगेवरच्याच, त्यावर छत्रीखाली बसलेले भटजी. आजोबांसारखे. मला विचारावंसं वाटलं, पण तिने ते पान सरकवून पुढचं घेतलं.

संध्याकाळी पाठवलं. वेळेच्या आत. मला आईकडून कळलं. तिच्या आईकडून.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ग्रुपवर खुलासा टाकायचा ठरवलं. सकाळपासून मसुदा करतोय. 'काही तांत्रिक कारणांमुळे' इथपर्यंत छान जमलंय.

दुपारी कारभारींनीच ग्रुपवर लिहिलं: 'लॅपटॉप वॉरंटी बाहेरून घेऊ नये. आम्ही घेतली. फसलो. कारभारी.' एवढंच. लोकांनी हात जोडले, धन्यवाद दिले.

भाषा साधी होती, पण 'आम्ही' हा शब्द त्यांनी वापरला. त्यात मी झाकला गेलो. मसुदा पुसून टाकला.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

उपास. साबुदाण्याची खिचडी गोदावरीने नेहमीसारखी केली. चौघांची पानं असायची तिथे हल्ली मृण्मयी आपलं ताट खोलीत नेते. (चौथं गौरांगचं. तो बहुतेक रविवारी जेवायला असतो.)

निश्चय: यापुढे न विचारता सल्ला द्यायचा नाही. विचारल्यावर मात्र द्यावाच लागतो.

लखनचा फोन आला. तासभर बोलला. त्याच्या मेहुण्याने बोलणं सोडलंय. कसं समजवावं विचारत होता. मी सविस्तर मार्गदर्शन केलं. तो आता रोज फोन करणार आहे.

८ मार्च, रविवार. रंगपंचमी

खाली सोसायटीत पिंपात रंग. मला बघून योगवर्गातले सगळे एका सुरात ओरडले, लखनभाऊ आले! कारभारींनी मला उचलून पिंपात बसवलं. निकिताने व्हिडिओ काढला. मृण्मयी गॅलरीत उभी होती. हसली. खूप दिवसांनी हसली. बरोब्बर माझ्यावर हसली, पण सुरुवात कुठून तरी व्हायलाच हवी.

कानातला हिरवा रंग अजून जात नाही.

१३ मार्च, शुक्रवार

लॅपटॉप आला. नवी स्क्रीन, फुकट, मृण्मयीच्या नावावर. कॉलेज रोडला तीच जाऊन घेऊन आली. मी चप्पल घालून तयार होतो, पण तिने निकिताला सोबत नेलं.

आणि दुसरी बातमी! अहमदाबादहून मुलाखतीचं बोलावणं आलंय. गोदावरी रडली. मी पेढे आणले. मृण्मयीने एक पेढा उचलला, अर्धा माझ्या तोंडात घातला. मला बोलता आलंच नसतं, पेढा मोठा होता.

कारभारींना पेढे द्यायला गेलो. त्यांनी मृण्मयीकडून आपल्या कांद्याच्या गोण्यांसाठी चित्र काढून घेतलंय, रीतसर मानधन देऊन. मला माहीतच नव्हतं. कांद्याला मिशा आहेत.

१७ मार्च, मंगळवार

मृण्मयी उद्या निघणार. गौरांग स्टेशनवर सोडणार आहे.

संध्याकाळी हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसली होती. कंपनीच्या वेबसाइटवरून, पूर्ण किमतीत, वॉरंटी वाढवत होती. पैसे कांद्याच्या चित्राचे. म्हटलं, मी काही मदत करू का? (सल्ला नव्हे, मदत.) म्हणाली, झालंच आहे, बाबा.

मी मागे उभा राहिलो. फोन लागला नाही तर आणखी कुणाला संपर्क करायचा, असं कंपनी विचारत होती. तिने आईचा नंबर टाकला. बरोबर आहे, आई ती आई. त्याखाली मामाचा. तोही ठीक, आयटीतला माणूस.

मी म्हटलं, माझाही देऊन ठेव, कधी कुणाला रेंज नसते. ती म्हणाली, जागा संपल्यात. लॅपटॉप मिटला आणि बॅग भरायला गेली.

नंतर चष्मा लावून उघडून बघितलं. जागा तीन होत्या. तिसरा नंबर ओळखीचा वाटला म्हणून माझ्या फोनवर टाकून पाहिला.

कारभारी.

त्यांचा फोन नेहमी पटकन लागतो, हे मात्र खरं आहे.